कललेलं क्षितिज

समुद्राचा फोटो नंतर पाहताना कधीकधी सगळं पाणी एका बाजूला ओघळतंय असं वाटतं. क्षितिज कललेलं असतं. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मोजमापाचं साधन घ्या, क्षितिजावरून रेघ ओढा आणि सरळ करण्याचं बटण दाबा. फोटो फिरतो, पण कोपरे रिकामे पडतात. कडा कापाव्याच लागतात. ३:२ प्रमाणाचा फोटो फक्त २ अंशांनी फिरवून तेच प्रमाण राखलं, तरी जवळजवळ दहावा भाग जातो! म्हणून फोटो काढतानाच कडेला मोकळी जागा ठेवावी. आणि हो, रेघ किनाऱ्यावरून ओढू नका; किनारा तिरपा दिसणं स्वाभाविकच आहे. क्षितिज दिसत नसेल, तर मधोमध असलेल्या इमारतीची उभी कड धरा. मूळ फोटो मात्र जपून ठेवा.