सोडायची एकट्यानं, टिकायचं चौघांत



दारू सोडलेली माणसं आपल्या मुळशी तालुक्यात कमी नाहीत. कुणी श्रावणात सोडतो, कुणी गणपतीत, कुणी पोराच्या डोक्यावर हात ठेवून. मग गणपती जातात, जत्रेचं बकरं पडतं आणि भावकीतलाच कुणी म्हणतो, "आजच्या दिवस घे रे." म्हणून सोडावी कशी, यावर मी बोलणार नाही. सुटलेली टिकावी कशी, तेवढंच सांगतो.

प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न'नं 2018 साली जमीन विकलेल्या शेतकऱ्याच्या पोराचं काय होतं ते पडद्यावर आणलं. बंदुकीपर्यंत फार थोडे जातात. बाटलीपर्यंत गेलेले तुमच्या-माझ्या घरात आहेत. गुंठ्याचा पैसा आलेल्या वाड्यात आहेत, तसे पिरंगुटच्या कारखान्यात आणि हिंजवडीच्या कंपनीतही आहेत.

टिकण्याची एक वाट पिणाऱ्यांनाच सापडली. 1935 सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी धंद्याच्या कामाला गेला होता. व्यवहार फिसकटला. हॉटेलातल्या बारचा गलबला कानावर येत होता. पाचेक महिने त्यानं थेंबही घेतला नव्हता. आज एखाद्या पिणाऱ्याशी बोललो नाही तर आपले पाय बारकडे वळणार, हे त्याला कळलं. फोनवर फोन करत तो पोचला डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकापर्यंत. डॉक्टर स्वतःच दारूत बुडालेले! बॉबनी शेवटचा घोट घेतला तो 10 जूनला, आणि तोच 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा, म्हणजे एएचा जन्मदिवस ठरला. यात ध्यानात घ्यायचं ते असं, की बिल बॉबला वाचवायला निघाला नव्हता. स्वतः वाचायला निघाला होता.

एए भारतात आली 1957 साली. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधारानं येरवड्यात 'मुक्तांगण' उभं केलं. तिथंही उपचार घेऊन घरी गेलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडत नाहीत, पाठपुराव्याला बोलावतात.

सोबतीनं टिकायचं, हे शहाणपण आपल्याकडे जुनंच आहे. माळ घातलेला माणूस दारूला शिवत नाही. पण ते काम एकट्या तुळशीच्या मण्यांचं नव्हे. माळेबरोबर एकादशीचं भजन येतं, सप्ताह येतो, दिंडी येते, संध्याकाळी हाक मारणारा टाळकरी येतो. गुत्त्याची वाट धरायची ती वेळ भरून निघते. माळ उतरवणारा बहुधा आधी भजनाला यायचा बंद झालेला असतो.

एएच्या मीटिंगमध्ये चालतं काय? एखाद्या शाळेचा वर्ग, बाकं, चहा. फी नाही, नावनोंदणी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. एकजण नुसतं पहिलं नाव सांगतो, "मी मद्यपी आहे" म्हणतो आणि बोलू लागतो: कामावरचे खाडे, बायकोच्या डब्यातले पैसे, पाण्याच्या टाकीत लपवलेली क्वार्टर. मधे कुणी तोंड घालत नाही, उपदेश करत नाही. नव्यानं आलेला "मी आज ऐकतो" म्हणाला तरी चालतं. पण टाकीतली क्वार्टर ऐकून तो दचकतो. ही युक्ती जगात आपल्यालाच सुचली, असं त्याला वाटत असतं! तिथून त्याचं एकटेपण सुटायला लागतं. पुढं कधी स्लिप झाली, म्हणजे पुन्हा घेतली, तर पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजायचं. दार उघडंच असतं.

हे नुसतं भाबडं समाधान नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2020 सालच्या आढाव्यात 27 अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं होती. पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एए आणि तिच्याकडे वळवणारे उपचार इतर उपचारपद्धतींच्या तोडीचे, पुष्कळदा सरस ठरले.

एक सावधगिरी मात्र घ्या. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर कंप सुटतो, भास होतात, फिट येते, जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग मीटिंग. आणि घरच्यांनीही एकटं झुरू नये. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी 'अल-अनॉन'चे वेगळे गट असतात.

मीटिंग शोधायची कुठं? 14446 या सरकारी हेल्पलाइनवर विचारा, मुक्तांगणला विचारा. रात्रपाळीवाल्याला ऑनलाइन मीटिंगही मिळते. पौडहून येरवडा म्हणजे चांदणी चौक ओलांडून सगळं पुणं पार करायचं. गावात बोभाटा नको म्हणणाऱ्याला सुरुवातीला ते अंतर सोयीचंच. पण मुळशीच्या पावसात, शेवटची गाडी सांभाळत, दर आठवड्याला कोण जाईल?

म्हणून मीटिंग इथं हवी. दोन-तीन मद्यपी जमले तरी गट होतो. बाहेरची देणगी एए घेत नाही; खर्च ती मंडळी आपसात भागवतात. शाळेची एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ द्यायला ग्रामपंचायतीला जड नाही. जड जाईल ते आपल्याला. आत कोण गेलं, हे पारावर बसून मोजायचं नाही, आणि मोजलंच तर चारचौघांत बोलायचं नाही. तो पितो हे गावाला ठाऊक असताना आपण वर्षानुवर्षं गप्प बसलो. तो सोडतोय म्हटल्यावरही तेवढंच गप्प बसू या.