ऑपेराची गायिका व तिचें विद्यालय

अमेरिकेंतील एखाद्या लहानशा गांवीं सतरा वर्षांची एक मुलगी चर्चच्या गायनवृंदांत गात असते. तिचा आवाज मोकळा आहे. एके दिवशीं शाळेंतील संगीतशिक्षक तिच्या वडिलांस सांगतात, ‘हिला ऑपेरा शिकूं द्या.’ झालें! कोणत्या विद्यालयांत, हा खल त्या घरांत सुरू होतो. निवड चुकली तर तिची किंमत पैशांत द्यावी लागते, आणि कधीं कधीं कंठानेंही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरागृहांत सुमारें ३,८०० प्रेक्षक बसतात. समोर मोठा वाद्यवृंद वाजत असतो, आणि त्यावरून गायिकेचा आवाज ध्वनिवर्धकावांचून शेवटच्या रांगेपर्यंत जावा लागतो. आपल्या संगीत नाटकांतील जुन्या नटांसही ध्वनिवर्धक नव्हता. पण त्यांच्या साथीला ऑर्गन, सारंगी व तबला, साठ-सत्तर वाद्यें नव्हेत. अशी ताकद सतराव्या वर्षीं कोणाच्याही कंठांत नसते. हलका आवाज पंचविशीच्या आसपास पिकूं लागतो. वाग्नरच्या भूमिका पेलणारा भारी आवाज बहुधा तिशी उलटल्यावर. म्हणून पदवीचीं चार वर्षें ही पेरणी होय. एकोणीस वर्षांच्या मुलीकडून भारी भूमिका गाऊन घेणारें विद्यालय कितीही नांवाजलेलें असो, तें टाळावें हें बरें.

फिलाडेल्फियाची कर्टिस संस्था १९२४ सालीं निघाली, आणि १९२८ पासून तेथें शिकवणीची फी घेत नाहींत. अर्थात् जागा मोजक्या आणि उमेदवार फार. ओहायोंतील ओबर्लिन येथें पांच वर्षांत संगीताची व दुसऱ्या एका विषयाची, अशा दोन पदव्या घेतां येतात. इंडियाना विद्यापीठाचें ब्लूमिंग्टन येथें स्वतःचें भव्य ऑपेरागृह असून दरवर्षीं विद्यार्थी तेथें पूर्ण थाटांत ऑपेरा करतात. मात्र अशा मोठ्या ठिकाणीं एक गोम असते. प्रमुख भूमिका पदव्युत्तर वर्गांतील पंचविशीच्या गायिकांकडे जातात, आणि नवी मुलगी समूहांत उभी राहते. जेथें पदव्युत्तर वर्ग लहान किंवा मुळींच नसतो, तेथें तिला रंगभूमीवर लवकर पाऊल टाकतां येतें.

खरा प्रश्न गुरूचा. कंठाची शिकवणी एकास एक अशी चालते. तेव्हां विद्यालय निवडलें म्हणजे अर्धेंच काम झालें. अर्ज करण्यापूर्वीं त्या गुरूपाशीं एक धडा घेऊन पाहावा. धडा संपल्यावर घसा बसला, तर पुढें जाऊं नये. इटालियन, जर्मन व फ्रेंच या भाषांचे उच्चार तेथें किती कसून शिकवितात, हेंही विचारावें.

लिओन्टिन प्राइस प्रथम ओहायोंतील एका साध्या कॉलेजांत शिक्षिका होण्यासाठीं शिकत होत्या. १९४८ मध्यें पदवी घेऊन त्या न्यूयॉर्कच्या जुलियर्ड विद्यालयांत गेल्या. तेथें त्यांना फ्लॉरेन्स पेज किंबॉल या गुरु लाभल्या, आणि १९६१ सालीं त्या मेट्रोपोलिटनच्या रंगभूमीवर आल्या. रेने फ्लेमिंग यांनींही पहिली पदवी पॉट्सडॅम येथील सरकारी विद्यापीठांत, संगीतशिक्षणाची, घेतली. ईस्टमन व जुलियर्ड हीं विद्यालयें पुढचीं. मुंबईंत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ यांची वाट निराळी. त्या लंडनच्या गिल्डहॉल विद्यालयांत शिकल्या.

राहतां राहिला पैसा. महागड्या विद्यालयाचें कर्ज डोक्यावर घेऊन बाविसाव्या वर्षीं बाहेर पडलेल्या मुलीस मिळेल ती नोकरी धरावी लागते. पुढील शिकवणीस, स्पर्धांच्या प्रवासास हातीं कांहीं उरत नाहीं, आणि आवाज पिकण्याचीं ऐन वर्षें हप्ते फेडण्यांत जातात. पहिली पदवी स्वस्तांत पदरीं पाडली, तर हींच वर्षें तिच्या हातीं राहतात. फिलाडेल्फियाच्या ‘अकॅडमी ऑफ व्होकल आर्ट्स’ या संस्थेंत अशाच तयारीच्या गायकांस फीवांचून शिकवितात.