तेराव्यानंतरचे दिवस

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला विषय दिलाय, 'अचानक आलेलं संकट आणि त्यातून उभारी'. विषय जड आहे आणि मागे पावभाजीचा तवा तापतोय, तेव्हा लांबण लावत नाही.

माझे मिस्टर २०१२ साली गेले, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. संध्याकाळी ऑफिसातून आले, चहा घेतला, आणि रात्री नऊला आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो. वय ४९. मुलगी दहावीत. पुढचे बारा-तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. जो येईल तो म्हणायचा, "वहिनी, धीर धरा." मनापासूनच म्हणत होते सगळे. पण धीर काही डब्यात भरून ठेवलेला नसतो, झाकण काढलं आणि घेतला. तेरावं झालं, नातेवाईक आपापल्या गावी गेले, आणि चौदाव्या दिवशी एमएसईबीचं बिल आलं. बँकेची कामं कायम त्यांच्याकडे होती. लग्नानंतर मी बँकेची पायरी चढले नव्हते.

सी विंगमध्ये तेव्हा एक काका राहायचे, आता पुण्याला मुलाकडे असतात. "काही लागलं तर सांगा" असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "उद्या साडेदहाला खाली या, बँकेत जायचंय. मृत्यूचा दाखला आणि पासबुक बरोबर घ्या." काही लागलं तर सांगा म्हटलं, की काय लागतंय हे शोधायचं कामही त्या दुःखातल्या माणसावरच येऊन पडतं. काकांनी ते काम स्वतःकडे घेतलं.

चार महिन्यांनी हेच काका मेंटेनन्सची वही घेऊन दारात उभे. खजिनदारांची बदली झाली होती आणि जमाखर्चाचा मेळ बसत नव्हता. बी.कॉम. होऊन मला वीस वर्षं झाली होती. खरं सांगते, मला राग आला. माझ्यावर ही वेळ आणि यांना हिशेब सुचतोय! पण वही घरात राहिली आणि त्या रात्री एक वाजेपर्यंत मी तिच्यावर बसले. सोळाशे रुपयांचा फरक होता. टँकरची एक पावती दोनदा चढली होती. ती सापडली तेव्हा लक्षात आलं, गेले चार तास आपण रडलेलो नाही. पुढच्या वर्षी घाटकोपरला एका सीएंच्या ऑफिसात नोकरी लागली ती याच सरावावर.

म्हणून 'जे होतं ते भल्यासाठी' असं माझ्यासमोर कोणी म्हणू नका. त्यांच्या जाण्यात कोणाचंच भलं नव्हतं. मी हिशेब शिकले हेही खरं, आणि ते नाहीत हेही खरं. एकाने दुसरं खोडलं जात नाही.

मी रोज घाटकोपरला उतरत होते तेव्हाच, ११ जानेवारी २०१४ रोजी, त्या स्टेशनात मोनिका मोरे ही सोळा वर्षांची मुलगी लोकलमध्ये चढताना गाडी आणि फलाट यांच्यामधल्या फटीत पडली. दोन्ही हात गेले. हे आपण सगळ्यांनी पेपरात वाचलं. पुढचं किती जणांना आठवतं? तिने कृत्रिम हात लावून शिक्षण चालू ठेवलं. २०२० च्या ऑगस्टमध्ये, ऐन कोरोनात, चेन्नईतल्या एका ब्रेन डेड दात्याचे हात विमानाने मुंबईत आले आणि परळच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये तिला जोडले गेले. मधली साडेसहा वर्षं मोजा. आणि हात जोडले म्हणजे झालं असंही नाही. जोडलेल्या हातात नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. महिनोन् महिने फिजिओथेरपी. आपल्याला मात्र माणूस तिसऱ्या महिन्यात सावरलेला हवा असतो, आणि सहाव्या महिन्यात त्याने लग्नकार्यात हसतमुखाने वावरावं अशी अपेक्षा असते.

तिच्या अपघातानंतर बुटक्या फलाटांचा प्रश्न हायकोर्टापर्यंत गाजला आणि उपनगरातले फलाट उंच केले गेले. आपली मुलं रोज सकाळी त्याच फलाटांवरून गाडीत चढतात.

पश्चिम रेल्वेवर जोगेश्वरीच्या रोशन शेखने २००८ मध्ये लोकलखाली दोन्ही पाय गमावले. वडील भाजीविक्रेते. ती मेडिकलची प्रवेश परीक्षा पास झाली, तर अपंगत्व ७० टक्क्यांहून जास्त म्हणून प्रवेश नाकारला गेला. हायकोर्टात गेली, जिंकली आणि केईएममधून एमबीबीएस झाली. आपण तिची जिद्द म्हणतो, आणि ती आहेच. पण मला तो नियम जास्त आठवतो. पाय रेल्वेखाली गेले. डॉक्टर होण्याची वाट मात्र कागदाने अडवली होती.

आता जरा घरचं बोलते. बी विंगच्या लिफ्टपर्यंत पाच पायऱ्या आहेत. रॅम्पचा विषय दोनदा सभेत आला आणि दोन्ही वेळा स्कूटरच्या पार्किंगवरून बारगळला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना आजही दोन माणसं खुर्चीत बसवून उचलून खाली आणतात. त्या कोणाला काही बोलत नाहीत, एवढंच. पुढच्या वार्षिक सभेत हा विषय पुन्हा ठेवलाय. निदान कोरमपुरते तरी या.

दुसरं, नॉमिनेशन. आपल्या ऑफिसात अजून बऱ्याच फ्लॅटचे फॉर्म आलेले नाहीत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो, हे घरात नीट समजावून सांगा, म्हणजे पुढे भांडणं नकोत. शेअर सर्टिफिकेट, पासबुकं, विम्याचे कागद एका फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल कुठे आहे हे नवरा-बायको दोघांनाही माहीत असू द्या. ऑफिस दर रविवारी दहा ते बारा उघडं असतं. कोरे फॉर्म कपाटाच्या वरच्या खणात आहेत. भरता येत नसेल तर मी तिथेच बसलेली असते.