भुसा आणि सुताराची छाती
(ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



आम्ही शिक्षणावर बोलावे अशी कार्यकारी मंडळाची अपेक्षा होती. सेवानिवृत्त शिक्षकाकडून दुसरी कसली अपेक्षा करावयाची? तथापि आज आम्ही भुशावर बोलणार आहोत. आम्ही वैद्य नव्हे, मॅट्रिक झालेले मास्तर आहोत. परंतु आमच्या घरात जे घडले ते पुष्कळ घरांत घडत असावे, म्हणून हे धाडस.

आमचे वडील बलुत्यावर काम करीत. बाभळीचा नांगर, कुळव, गाडीची चाके हे त्यांचे नित्याचे काम. वाकसाने तासलेल्या ढलप्या पायाशी पडत आणि सायंकाळी आईच्या चुलीत जात. हातकरवतीचा भुसाही बहुतांशी जाडच असे. आज आमचा पुतण्या शहरात फर्निचरचे काम करतो. फिरत्या करवतीने तो प्लायवुड व एमडीएफ कापतो आणि यंत्रावर पॉलिशपेपर लावून घासतो. त्या यंत्राची धूळ पिठाहून बारीक असते. ती लवकर खाली बसत नाही. उन्हाच्या तिरिपेत दिसते ती त्यातली थोडी. न दिसणारी श्वासाबरोबर खोल फुप्फुसात उतरते. धंदा तोच राहिला, धूळ मात्र बदलली, आणि आपण अजून वडिलांच्याच हिशेबाने चालतो.

पुतण्याला तीन वर्षांपूर्वी रात्री दोन-अडीचच्या सुमारास खोकल्याची उबळ येऊ लागली. दिवसा कामावर फारसा त्रास नसे, त्यामुळे कामाचा संशय कोणास आला नाही. खोकल्याची औषधे झाली. क्षयाच्या शंकेने थुंकी तपासली, ती निर्दोष निघाली. तंबाखू सोडण्याचाही उपदेश झाला. त्याने तंबाखूला कधी हात लावलेला नव्हता! गणपतीला तो दहा दिवस गावी आला आणि खोकला थांबला. वहिनी म्हणाल्या, गावची हवा मानवली. आम्हीही मान डोलावली. परतल्यावर तिसऱ्या रात्री उबळ पुन्हा हजर.

अखेर एका छातीच्या डॉक्टरांनी विचारले, “काम काय करता?” दोन वर्षांत हा प्रश्न प्रथमच विचारला गेला. कामाच्या दिवसांत व सुटीत नळीत फुंकवून त्यांनी श्वासाचा जोर मोजला, आणि हा कामामुळे जडलेला दमा आहे असे निदान केले. इटलीतील रामाझ्झिनी नामक वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहून, रोग्याला त्याचा धंदा विचारावा असे वैद्यांना बजावले होते. डॉक्टर विचारीत नसतील तर आपण आपण होऊन सांगावे.

या दम्याची खोड अशी की धूळ छातीत गेल्यावर तो कित्येक तासांनी, बहुधा रात्री उठतो. कॅनडात लाल सीडर लाकडाच्या कामगारांपैकी शंभरात सुमारे पाच जणांना तो जडल्याचे आढळले आहे. आपल्याकडील शिसव व सागवान काहींच्या अंगावर खाज व पुरळ उठवतात, हे आपण जाणतोच. एमडीएफच्या धुळीत लाकडाखेरीज फॉर्माल्डिहाइडयुक्त डिंकही असतो.

याहून गंभीर गोष्ट इंग्लंडमधील हाय विकम या खुर्च्यांच्या गावी उघडकीस आली. तेथील कान-नाक-घशाच्या डॉक्टर एस्मी हॅडफील्ड यांच्याकडे नाकाच्या एका दुर्मिळ कर्करोगाचे रोगी येत, ते बहुतेक फर्निचर कामगार निघत. १९६८ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी हे शास्त्रीय रीतीने मांडले. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणारी ठरविली. तो रोग विरळा आहे व बहुधा कित्येक दशकांनी होतो. घाबरून जाऊ नये. पण एकच नाकपुडी सतत चोंदत असेल वा तिच्यातून रक्त येत असेल, तर त्याला सर्दी म्हणून दिवस काढू नयेत.

आता उपायांचे. तोंडाला गुंडाळलेले उपरणे बारीक धूळ अडवीत नाही. एन-९५ मास्क अडवितो, तोही चेहऱ्याला घट्ट बसला तर. दाढीवर तो बसत नाही, हे तरुणांनी लक्षात घ्यावे. त्याहून चांगले म्हणजे धूळ उठताच यंत्रापाशीच ओढून घेणारा व्हॅक्यूम. कोरड्या झाडूऐवजी ओले फडके वापरावे. आणि सायंकाळी काँप्रेसरच्या हवेने कपडे झटकण्याची जी पद्धत पडली आहे, ती आजपासून बंद करावी! तेच कपडे घालून लेकराला कडेवर घेऊ नये. कायद्यात कारखान्यांच्या धुळीविषयी १९४८ सालापासून तरतूद होती. पण चार माणसांच्या दुकानाला ती कधी लागू झाली नाही. तेव्हा कोणी निरीक्षक येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

मास्क लावून पुतण्याला पुरते बरे वाटले नाही. एकदा दमा जडला की थोडी धूळही पुरते, आणि तीत राहिल्यास तो वाढतो. धंदा सोड म्हणणे सोपे. दोन मुलींची फी कोण भरणार? आता तो मापे घेतो, नकाशे काढतो, जोडणी करतो. घासण्याचे काम दुसऱ्याकडे गेले आहे. मजुरी घटली. रात्री मात्र झोप लागते.

पण ते घासणारा दुसरा मुलगाही आपल्यापैकीच कोणाचा तरी आहे. त्यासाठी ज्ञातिनिधीतून धूळ ओढणारी दोन यंत्रे घेऊन ती सभासदांना आळीपाळीने द्यावीत, अशी आमची सूचना आहे. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले गेले. ज्यांना ते मिळाले असेल त्यांनी काय घेतले, तेही कळवावे. वर्गणीची वही मंडपाच्या दाराशी ठेविली आहे. पुतण्याने तीत पहिले नाव लिहिले आहे.