हाताखालची माणसे



आपल्या समाजात आता दुकानदार आहेत, कारखान्यांतील अधिकारी आहेत, पतसंस्थांचे संचालक आहेत. भेटले की बहुतेकांची तक्रार एकच: "गुरुजी, हल्ली माणसे कामच करीत नाहीत." या तक्रारीविषयीच मला थोडे बोलावयाचे आहे.

शेगाव आपल्याच जिल्ह्यात. १९०८ साली स्थापन झालेल्या तेथील श्रीगजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी पाळीपाळीने विनावेतन राबतात. घरी स्वतःचे अंगण झाडण्याचा कंटाळा करणारा शेतकरी तेथे परक्यांची उष्टी उचलतो, आणि वर त्यांना 'माऊली' म्हणतो! माणूस तोच, मग बदलले काय? कोणी म्हणेल, ही भक्ती. खरे आहे, पण भक्ती इतर क्षेत्रीही आहे, तेथे उकिरडे का दिसावेत? शेगावी प्रत्येकास काम नेमून दिलेले असते, पाळी ठरलेली असते. शिवशंकरभाऊ पाटील २०२१ साली निवर्तले. त्यांनी अनेक दशके हा कारभार विनामोबदला पाहिला. वरचा माणूस काही घेत नाही हे दिसले, की खालच्यास कामचुकारपणाची लाज वाटते.

जेथे पगार घेऊन काम चालते असे उदाहरण हवे, तर किर्लोस्करवाडीचे घ्या. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील ओसाड माळावर कारखाना व वसाहत उभारली, आणि तुरुंगवास भोगून आलेल्यांच्या हाती पहाऱ्याचे काम सोपविले. मला तर हे आजही धाडस वाटते. पण ज्याच्यावर कोणी विश्वास टाकीत नाही, त्याच्यावर तो टाकला, की राखणही तोच करतो.

एका शाळेत मी दोन मुख्याध्यापकांच्या हाताखाली काम केले. पहिले दोष दिसल्यास खोलीत बोलावून सांगत. दुसरे वर्गात, मुलांदेखत. शिक्षक तेच, वेतन तेच. दुसऱ्यांच्या कारकिर्दीत हजेरीपुस्तकावर सह्या अगदी वेळेवर होत; परंतु शाळा सुटल्यावर कच्च्या मुलांसाठी थांबणारा एकही शिक्षक उरला नाही. हे नुकसान कोणत्याच तपासणीत दिसले नाही.

आपल्यापैकी एका दुकानदारांना मी सहज विचारले, "गल्ल्याशेजारी बसणाऱ्या त्या माणसाचे आडनाव काय हो?" त्यांना सांगता आले नाही. तो नऊ वर्षे त्यांच्याकडे आहे.

अर्थात पगारच तुटपुंजा असेल, तर गोड बोलून भागत नाही. ज्यांच्याकडे कोणाचा पगार थकला असेल, त्यांनी तो आधी चुकता करावा.