मुठीपासून पावलापर्यंत



नुकत्याच जन्मलेल्या मुलाला काखेत धरून त्याचे तळवे जमिनीला टेकवले, तर ते पावले टाकू लागते. पण दोनेक महिन्यांत ही पावले दिसेनाशी होतात. असे का व्हावे? मेंदू वाढला म्हणजे ही जन्मजात क्रिया मागे पडते, असे उत्तर पुष्कळ वर्षे दिले जाई. अमेरिकेतील एस्थर थेलेन या विदुषींना ते पटले नाही. त्यांनी व सहकाऱ्यांनी बालकांचे पाय पाण्यात बुडवून पाहिले, तो पावले वाढली! पायांना लहान वजने बांधली, तर ती कमी झाली. हा प्रयोग १९८४ साली प्रसिद्ध झाला. क्रिया लोपली नव्हतीच. पाय गुबगुबीत झाले होते आणि त्यांना उचलण्याइतके बळ अजून आले नव्हते, इतकेच.

हाताचीही गोष्ट अशीच आहे. चार-पाच महिन्यांचे मूल खुळखुळ्याकडे हात नेते. चळवळ्या मुलाला त्यासाठी हाताचा वेग आवरावा लागतो, तर शांत मुलाला हात नेटाने उचलावा लागतो. ध्येय एकच, पण वाट ज्याची त्याने शोधायची. पुढे नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास मुठीची चिमूट होते, आणि जमिनीवरचा चुरमुरा थेट तोंडात जातो!

ही विद्या फुकट मिळत नाही. कॅरन अडॉल्फ व सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, बारा ते एकोणीस महिन्यांची मुले खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकत आणि १७ वेळा पडत.

‘शेजारचा चालतो, आमचा का नाही?’ ही चिंता घरोघरी आढळते. दिल्लीसह पाच देशांतील मुले पाहून जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली सांगितले, की निरोगी मूल ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही स्वतंत्र चालू लागते. काही मुले तर रांगतच नाहीत. दीड वर्ष उलटूनही पाऊल पडले नाही, तर मात्र वैद्यांना अवश्य दाखवावे.

तोवर घाई कशाला? आपला जुना पांगुळगाडा उभे राहून ढकलावा लागतो. तोल मुलालाच सांभाळावा लागतो. मुलाला आत बसवून फिरवणारा चाकांचा वॉकर तोल शिकवीत नाही, आणि जिन्यावरून घसरून डोके फुटण्याचे भय वेगळेच. कॅनडाने २००४ साली त्यावर बंदी घातली. आम्ही एवढेच सुचवू, की मुलाला मोकळी जमीन द्या, जिन्याला दार लावा, आणि पडले की लगेच उचलायला धावू नका.