कट आणि कटाचा संशय



२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले, हे पुणेकरांना सांगायला नको. प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून बग्गीतून परतत असताना गोळ्या झाडल्या गेल्या. मागच्या बग्गीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. मला बोलायचे आहे ते त्यानंतरचे. कारण तेव्हा पुण्यात दोन कट होते. एक खरा आणि एक सरकारच्या डोक्यातला.

खरा कट लहान होता. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे चापेकर बंधू, महादेव रानड्यांसारखे चार जवळचे सोबती. मागे पैसा नाही, संस्थान नाही. आणि एवढ्यांचेही गुपित टिकले नाही. वीस हजारांचे बक्षीस जाहीर झाले आणि ओळखीतल्याच द्रविड बंधूंनी माहिती दिली. १८ एप्रिल १८९८ ला दामोदर फासावर गेले.

पण एवढ्या बड्या अधिकाऱ्याला मूठभर पोरांनी मारले, हे सरकारला आणि इंग्रजी पत्रांना पटेना. पुण्याच्या ब्राह्मण पुढाऱ्यांचे मोठे कारस्थान असलेच पाहिजे, असा ग्रह झाला. १८२७ च्या एका रेग्युलेशनखाली त्यांच्यापैकी नातू बंधूंना खटल्याविना डांबले. टिळकांना ‘केसरी’तल्या लिखाणाबद्दल राजद्रोहाची अठरा महिन्यांची शिक्षा झाली. खुनाच्या कटाचा खटला त्यांच्यावर कोणी भरला नाही, पुरावाच नव्हता.

हा संशय सरकारच्या सोयीचा होता, असे माझे मत आहे. प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घरात शिरत होते, देवघरापर्यंत जात होते, माणसे उचलून छावण्यांत नेत होते. चार पोरांचा राग खरा मानला, तर त्या रागाचे कारणही मानावे लागले असते. कारस्थान मानले की ती जबाबदारी टळते.

आज मोबाइलवर कटाच्या गोष्टी येतात, तेव्हा मी आधी माणसे मोजतो. अपोलो मोहिमेसाठी सुमारे चार लाख लोक राबले. चंद्रावर कोणी उतरलेच नाही म्हणणाऱ्याने सांगावे, चापेकरांना जे जमले नाही ते या चार लाखांना कसे जमले? पण म्हणून प्रत्येक शंकेला वेडगळ ठरवणेही मला मान्य नाही. अमेरिकेत टस्कीगी येथे सरकारी आरोग्य खात्याने १९३२ पासून चाळीस वर्षे शेकडो कृष्णवर्णीयांचा सिफिलिस मुद्दाम उपचाराविना ठेवला. खात्यात पूर्वी काम केलेल्या एकाने वार्ताहराला कागद दिले, म्हणून ते उघड झाले. तिथे शंकेला कागद होता. टिळकांविरुद्ध तो कधीच नव्हता.

तरी संशय मेला नाही. इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलने १९१० च्या पुस्तकात टिळकांचा संबंध रँडच्या खुनाशी जोडला. टिळकांनी लंडनला जाऊन अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि फेब्रुवारी १९१९ मध्ये ते हरले. त्याआधीच, १९१८ मध्ये, राजद्रोही कटांची चौकशी करणाऱ्या रौलट समितीने आपल्या अहवालाची सुरुवात चापेकरांपासून केली होती. मार्च १९१९ मध्ये त्यावरून कायदा झाला, आणि नातूंना जे भोगावे लागले, ती खटल्याविना कैद साऱ्या देशासाठीच्या या कायद्यातही आली.